फोनवरच्या साहेबाला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्याऐवजी दुसरंच एक सांगत आलोय, आणि तेही इतक्या वेळा की त्यातलं शेवटचं वाक्य आता माझ्याआधी बायकोच म्हणून टाकते. ते आधी सांगतो. सवयीने.

पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी आमच्या पोलीस ठाण्यातून एका हवालदाराचा फोन आला होता. मारतहळ्ळीत इतकी वर्षं काढूनही माझं कन्नड भाजीवाल्यापुरतंच आहे, पण त्या दिवशी ते फाडफाड बाहेर पडलं. तुमचे खेळ मला ठाऊक आहेत, म्हटलं, गणवेश भाड्याने मिळतो हेही ठाऊक आहे – आणि फोन आपटला. थोड्या वेळाने दारात हवालदार. खराखुरा, घामेजलेला, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्यात माझे कागद. मी जाळीच्या दारातूनच त्याला ओळखपत्र उंच धरायला लावलं, चष्मा आणून ते वाचलं, आणि त्याच्याच ठाण्यात फोन करून असा माणूस तुमच्याकडे आहे का म्हणून खात्री करून घेतली. शेवटी वृंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला आत बोलावून कॉफी दिली. जाताना तो तिला म्हणाला, "मॅडम, सर चांगले आहेत. स्वल्प जास्त हुशार आहेत."

बारशाला, लग्नात, मंडळाच्या गणपतीत मी हे सांगतो आणि लोक हसतात. हसू देत. पण एखादा माणूस एवढा घाबरतो तो कशाने घाबरला असेल, हे मात्र कुणी विचारलं नाही. किश्श्यांचा हा फायदा असतो – एक पुढे केला की मागचा झाकला जातो.

मागचा सांगायचाय. पण त्याआधी आमच्यासारख्या लोकांबद्दल थोडं सांगायला हवं. सबब म्हणून नव्हे. निदान मी तसं स्वतःला बजावतोय.

मी एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथे काय बनतं ते बाहेर बोलायचं नसतं, घरीही नाही. आमच्या कॉलनीत नवरा फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि "ऑफिसचं आहे" म्हणाला की बायका टीव्हीचा आवाज कमी करतात आणि पुढे विचारत नाहीत. मुलांनाही ते कळतं. मधूनमधून सुरक्षा विभागाचा माणूस येतो, दार लावून समोर बसवतो, आणि विचारतो – शेजारी कोण, घरी कोण येतं-जातं, तुमच्या कागदांच्या प्रती कुणाकुणाकडे आहेत. आपण ताठ बसून उत्तरं द्यायची. शेवटी तो म्हणतो, हे कुठे बोलू नका. आम्ही बोलत नाही. तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल. आम्हाला तो नोकरीचाच भाग वाटतो.

आता बघा – फसवणुकीच्या फोनबद्दल सगळीकडे एकच खूण सांगतात. समोरचा म्हणाला की दार लावून बसा, घरात कुणाला सांगू नका, तर तो चोर समजा. बरोबर आहे. पण ज्याला जन्मभर खऱ्या साहेबांनी हेच सांगितलंय, त्याने काय समजायचं? जिथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, तिथे माझी पाठ ताठ झाली.

शनिवारची सकाळ होती. आधी एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज – तुमचा नंबर बंद होणार आहे. मग एक माणूस, मग त्याच्या वरचा माणूस, मग व्हिडिओवर साहेब. मागे झेंडा, टेबलावर फायलींचा ढीग. माझ्या आधार क्रमांकावर परदेशी जाणारं एक पार्सल मुंबईत पकडलंय म्हणाले, त्यात खोटे पासपोर्ट आहेत, अमली पदार्थ आहेत. तुम्ही जिथे काम करता ते लक्षात घेऊन आम्ही प्रकरण गुप्त ठेवलंय, नाहीतर जीप थेट तुमच्या कारखान्याच्या गेटवर आली असती. मी कुठे काम करतो हे त्यांना कसं कळलं? पहिल्या दोन मिनिटांत मीच सांगितलं होतं. हुद्द्यासकट.

मी दार लावायला उठलो. वृंदा स्वयंपाकघरात अळू चिरत होती, तिने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "ऑफिसचं." तिने टीव्ही बारीक केला. मी दार लावून घेतलं, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि साहेब पडद्यावर आले तसा खाडकन उभा राहिलो – खाली हाफ पँट होती, हे माझ्याआधी साहेबांच्या लक्षात आलं. बसा म्हणाले. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. पाणी प्यायची परवानगी मी मागितली आणि मिळाल्यावर थँक यू सर म्हटलं.

मग माझ्या खात्यांची चौकशी झाली. फ्लॅटचं कर्ज, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज, उरलेलं सगळं भविष्य निर्वाह निधीत अडकलेलं. साहेबांचा चेहरा पडला. माझ्या सांपत्तिक स्थितीने एवढा हिरमुसलेला माणूस मी त्याआधी एकदाच पाहिला होता, आणि ते माझे सासरे होते.

तेव्हा त्यांनी सूर बदलला. तुम्ही स्वच्छ आहात असं दिसतंय, म्हणाले. मग तुमच्या जवळचं कुणीतरी स्वच्छ नाही. आठवा. तुमच्या आधारची प्रत कुणाकडे आहे?

इथे मला थांबावंसं वाटतंय. आधी अण्णांबद्दल सांगतो.

गोपाळराव अण्णा जयनगरचे. त्यांचं घराणं या शहरात कित्येक पिढ्यांचं; मराठी बोलताना निम्मं कन्नड येतं आणि ते आलंय हे त्यांना कळतही नाही. टपाल खात्यातून निवृत्त झाले. मी नवीन लग्न झालेला, सांगलीहून दोन ट्रंका घेऊन या गावात आलो तेव्हा त्यांनी वरची खोली दिली. पागडी नाही, ओळख नाही, काही नाही. मराठी बोलता ना, सरी, म्हणजे बरं, या – एवढंच. वृंदाचं बाळंतपण त्यांच्या पत्नीने, कमलाक्कांनी केलं. पुढे आम्ही इकडे फ्लॅट घेतला तरी जाणं-येणं सुटलं नाही. कमलाक्का गेल्यावर अण्णांचा फोन, बिलं, बँक, सगळं माझ्याकडे आलं. कमलाक्कांच्या नावची ठेव अण्णांच्या नावावर करायला मीच त्यांना घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीला ते म्हणाले, हा आमचा मुलगा. तिने माझं आडनाव बघितलं, त्यांचं बघितलं, आणि फॉर्म पुढे सरकवला. खरी मुलगी एकच, शैला, ती कॅनडात.

तर साहेबांनी विचारलं, प्रत कुणाकडे आहे. आणि मी म्हणालो – सर, एक गृहस्थ आहेत.

मला कुणी मारलं नव्हतं. धमकीसुद्धा त्या क्षणी दिलेली नव्हती. जुन्या भाडेकराराला माझी प्रत जोडलेली होती, ती त्यांच्याकडे असेल, म्हटलं. त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू येतात-जातात, कुणाचं काय सांगावं, मी खात्री देऊ शकत नाही. मग नाव सांगितलं. नंबर सांगितला. घरात एकटे असतात, मुलगी परदेशी, पत्नीच्या ठेवीचे पैसे अमक्या शाखेत आहेत – विचारत गेले तसं सांगत गेलो. शेवटचं तर त्यांनी विचारलंही नव्हतं. मी आपणहून म्हणालो, सर, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोलावं लागेल.

हे मी का सांगितलं? मदत म्हणून. सहकार्य करणारा माणूस दिसावा म्हणून.

साहेब खूश झाले. तुमचं नाव फाइलमधून काढतोय, म्हणाले, चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या गृहस्थांशी बोलू नका. पडदा काळा झाला. मला काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन जेवलो. अळूचं फदफदं मागून घेतलं, वर आणखी भात घेतला. आणि हेही सांगायला हवं – जेवता जेवता मी अण्णांवर संशय घेतला. कुणास ठाऊक, म्हटलं. एकटा माणूस, कुणाच्या नादी लागला असेल.

इथवर मी मूर्ख होतो. मूर्खपणा सांगायला मला फारसं अवघड जात नाही, सराव आहे. पुढचं अवघड आहे.

त्याच संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी एका जुन्या मेसेजखाली अंगठा टाकला. मेसेज मीच महिन्याभरापूर्वी पाठवलेला होता, शेवटी जोडलेले हात वगैरे. आला तसा पुढे ढकलला होता, वाचला नव्हता. आता वाचला. पार्सल, व्हिडिओवरचा साहेब, मागचा झेंडा, दार लावून बसा, कुणाला सांगू नका. सगळं क्रमाने. असली अटक कायद्यात नाहीच, असं शेवटी ठळक अक्षरांत. मी गॅलरीत उभा होतो, खाली मुलं बॅडमिंटन खेळत होती.

म्हणजे मला कळलं होतं. अण्णांना फोन यायच्या आधी मला कळलं होतं. हे वाक्य लिहायला मी आज किती वेळा बसलो आणि उठलो.

एक फोन पुरे होता. अण्णा, असा असा फोन येईल, उचलू नका. पण अण्णांना मी ओळखतो – टपालात उभा जन्म गेला, त्यांना प्रत्येक गोष्ट कुठून निघाली ते हवं असतं. ते विचारणार, शिरीषा, मलाच येईल हे तुला कसं कळलं? त्यावर मी काय सांगणार होतो? मग मी काय केलं – तोच मेसेज त्यांना पुढे पाठवला. जोडलेल्या हातांसकट. मी रोज त्यांना सुप्रभात पाठवायचो. ते त्यातलं काही उघडत नाहीत, हे मला माहीत होतं. खुणा निळ्या होतात का ते रात्रीपर्यंत बघत होतो. झाल्या नाहीत. रविवारी जाऊन सांगू, म्हटलं. रविवारी मंडळाची बैठक निघाली. म्हणजे तिला मी गेलोच पाहिजे असं काही नव्हतं.

सोमवारी त्यांना फोन आला. दोन दिवस ते त्या फोनसमोर बसून होते. मग बँकेत गेले, आणि शिकवल्याप्रमाणे काउंटरवरच्या त्याच मुलीला सांगितलं की शैलाला घर घ्यायचंय. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील. कमलाक्कांची ठेव गेली.

त्यांचा फोन आला – "शिरीषा, स्वल्प येतोस?" मी निघालो. वाटेत एकदाही प्रश्न पडला नाही की काय झालं असेल.

नंतरचं सगळं मी केलं. सायबरची तक्रार, बँक, पोलीस ठाणं. शैला फोनवर रडत म्हणाली, तू नसतास तर काय झालं असतं. मी म्हटलं, अगं त्यात काय. अण्णा खुर्चीत बसून एकच धरून बसले होते – त्यांना सगळं ठाऊक होतं. कमलेच्या नावची ठेव, शाखा, शैला कॅनडात. "आणि मोठ्याने बोलत होता रे तो. मला ऐकू यावं म्हणून." त्यांना त्या माणसाचं कौतुक वाटल्यासारखं झालं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं नाव घेतलं त्यांनी. याला ओळखता का म्हणाले. मी म्हटलं, सर, तो पोरगा स्वच्छ आहे. माझं काय ते मला विचारा, त्याला मध्ये ओढू नका."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अण्णा, अनोळखी माणसाला असं कुणाबद्दल काही सांगायचं नसतं."

"सरी," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

ठेव गेली त्याहून हे वाक्य मला जास्त ऐकू येतं. त्यांचं नव्हे, माझं. काय समजुतीचा सूर होता त्यात.

त्यानंतर मंडळाने माझं भाषण ठेवलं. शिरीषने एवढी धावपळ करून बघितलंय, त्यालाच सांगू दे. मीही चित्रं वगैरे दाखवून सांगितलं – सरकारी माणूस व्हिडिओवर अटक करत नाही, खातं तपासायला पैसे मागत नाही, घाई करतो तो चोर, गुप्त ठेवा म्हणतो तो चोर. फोन ठेवा आणि घरातल्या माणसाला हाक मारा. सगळं खरं आहे, आजही तसंच सांगेन. उदाहरण म्हणून "आपल्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ" असं म्हणालो. नाव घेतलं नाही. तर दुसऱ्या रांगेतून अण्णाच उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "तो म्हातारा मी. एवढं घरचं सगळं त्यांना कसं कळलं म्हणून मी फार विचार केला. मीच कधीतरी कुणाला सांगून बसलो असणार. आठवत नाही. डोकं गेलं माझं, दुसरं काय."

माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, अशा वेळी घरच्यांनी धीर द्यायला हवा. टाळ्या पडल्या.

तुम्ही म्हणाल, तिथेच का नाही बोललास. मीही तेच म्हणतो.

आता अण्णा बाहेर निघताना गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघून येतात. पत्त्यांच्या डावाला जात नाहीत – डाव विसरलो तर लोकांसमोर शोभा नको. मला फोन करून विचारतात, काल मी तुला फोन केला होता का? केलेला असतो. सगळं नीट आठवत असतं त्यांना, फक्त स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडालाय. शैला येऊन त्यांना विस्मरणाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथे घड्याळ काढायला सांगितलं, त्यांनी काढलं, काटे बरोबर. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा बघू. अण्णा बाहेर येऊन म्हणाले, चित्र काढता येतं म्हणजे डोकं आहे असं थोडंच असतं. शैला आता घर विकून त्यांना वृद्धांच्या एका संस्थेत ठेवायचं म्हणतेय. एकट्याला कसं ठेवायचं, तेही आठवण जात असताना. तिने मला विचारलं, भाऊ म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणतात ते बघू.

म्हणजे एका माणसाचं घर जायची वेळ आलीय, तो विसरतो म्हणून. आणि तो काहीही विसरलेला नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो डॉक्टरांचं मत बघू म्हणतोय.

परवा जयनगरहून निघताना त्यांनी मला घराची किल्ली दिली. तूच ठेव, म्हणाले, माझ्याकडून हरवेल. मी घेतली.

इथवर लिहून कागद वृंदाला दिले. ती जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होती, मी समोर उभा. बस म्हणाली नाही. शेवटचं पान पुन्हा मागे घेऊन तिने एकदा वाचलं, मग सगळी पानं सारखी केली.

"डॉक्टरकडे परत कधी न्यायचंय?"

गुरुवारी, म्हटलं.

"मग त्याच्या आत अण्णांना कळायला हवं," ती म्हणाली. चष्मा काढून तिने टेबलावर ठेवला. "पैसे चोरांनी नेले. पण अण्णांचं डोकं ठिकाणावर आहे हे इतके महिने तुम्हाला एकट्याला माहीत होतं."